पोफळीवरची मिरी आणि वरचा डोंगर

सिंधुदुर्गात सावंतवाडीहून दोडामार्गाकडे निघालं की रस्त्याच्या दोन्ही अंगांना डोंगर लागतात. या डोंगरांवर कुठली झाडं आहेत असं माझ्या लहानपणी कुणी विचारलं असतं, तर सांगणाऱ्याला बराच वेळ लागला असता. ऐन, किंजळ, जांभूळ, कुंभा, सातवीण, भेरला माड, कोकम, मधेच एखादा जुनाट आंबा, आणि नाव माहीत नसलेली त्याहून जास्त. आज काही उतारांपुरतं उत्तर एका शब्दात संपतं. रबर. सरळ ओळी, सारख्या उंचीची खोडं, खाली झाडून काढल्यासारखी जमीन. पुढच्या वळणावर काजू, त्याच्या पुढे जेसीबीने नुकताच खरवडलेला लाल उतार.

माझं माहेर याच पट्ट्यातलं. घराच्या मागे ओहळाच्या काठाने बाग आहे. गोव्यात अशा बागेला कुळागर म्हणतात, आमच्याकडे नुसतीच बाग. सगळ्यात वर माड. त्याखाली पोफळी, म्हणजे सुपारीची झाडं. पोफळीच्या अंगाने चढत गेलेली मिरीची वेल, काही पोफळींवर पानवेल. त्याखाली केळी आणि जायफळ, गडग्याच्या कडेला फणस आणि कोकम, आणि अगदी तळाला हळद, आलं, सुरण, अळू. भर एप्रिलच्या दुपारी कातळाचा सडा तापून पाय ठेववत नाही, तेव्हाही बागेत शिरलं की हवा ओलसर असते. पिकं किती हे मोजायला कुणी बसलेलं नसतं. वर जागा आहे, उजेड आहे, तर लाव काहीतरी, अशा रीतीने ती पिढ्यान्‌पिढ्या भरत गेली.

पावसाळ्यात जायफळं फुटतात. पिवळट फळाला मधोमध चीर पडते आणि आत काळपट तपकिरी बी आणि तिला लपेटलेली लालभडक जायपत्री दिसते. आजी सकाळी पावसाची सर थांबली की डोक्यावर खोळ घेऊन बागेत जायची आणि पडलेली फळं वेचून आणायची. मग ओटीवर बसून बोटांनी जायपत्री सोलायची. ती तुटू द्यायची नाही, अखंड निघाली तर भाव बरा. श्रावणात ऊन कुठलं मिळायला? म्हणून चुलीच्या वर बांधलेल्या तट्टीवर ती वाळत पडायची आणि लाल रंग उतरून नारिंगी-पिवळा व्हायचा. घरभर वास. शाळेच्या दप्तराला, वह्यांना, माझ्या केसांना सुद्धा तो वास यायचा. त्या जायपत्रीच्या पैशांतून गणपतीचं सामान यायचं, हे मला नंतर समजलं.

बागेचा पैसा असाच येतो. थंडीत सुपारी. फेब्रुवारीच्या सुमारास घोसातला एखाददुसरा दाणा लाल व्हायला लागला की शिडी लावून मिरी काढायची. मे महिन्यात पाऊस यायच्या आत कोकमं. पावसात जायफळ. केळीचे घड अधूनमधून, आणि नारळ वर्षभर. एकही रक्कम मोठी नाही. पण एखाद्या साली सुपारीवर कोळेरोग पडून पोफळीखाली कच्ची फळं गळून सडा पडला, तरी घर बसत नाही. मिरी सावरून घेते, नारळ सावरून घेतो. ज्याच्या डोंगरावर काजू आणि फक्त काजू आहे, त्याचा मोहोर फेब्रुवारीतल्या ढगाळ हवेने करपला की त्याला पुढच्या फेब्रुवारीपर्यंत दुसरं काही नसतं. मग नजर जाते ती डोंगरावरच्या उरलेल्या झाडांकडे.

आमच्या बापजाद्यांनी जे अंदाजाने केलं त्याचं शास्त्र नंतर संशोधन केंद्रांनी मांडलं, आणि ते मला फार आवडतं. माड साडेसात मीटर अंतरावर लावतात. त्याची अन्न घेणारी बहुतेक मुळं खोडापासून दोनेक मीटरच्या आतच राहतात. म्हणजे नुसता माडांचा मळा केला, तर जवळजवळ तीन चतुर्थांश जमीन माडाच्या उपयोगाची नसतेच. माड पंचवीसेक वर्षांचा होऊन उंच गेला की वरून उजेडही भरपूर उतरतो. त्या मोकळ्या मातीत आणि उतरत्या उजेडात काय बसेल, याचा अभ्यास दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या रत्नागिरीजवळच्या भाट्ये केंद्रात झाला. चार माडांच्या मधोमध जायफळ, दोन माडांच्या मधे दालचिनी, माडाच्या बुंध्यावर मिरी. कोकणात ही पद्धत ‘लाखी बाग’ म्हणून ओळखली जाते. जायफळाला सावली लागतेच, मिरीला चढायला खोड लागतंच, आणि या दोन्ही गरजा माड फुकटात भागवतो. घाटावरच्या शेतकऱ्याला यात नवल वाटणार नाही. कापसात तूर, बाजरीत तूर, ज्वारीत मूग, हे तो आजोबांपासून करत आला आहे.

हे मोजायची एक साधी रीत आहे. एका एकरात दोन पिकं एकत्र घेऊन जेवढं पिकलं, तेवढंच ती दोन पिकं वेगवेगळी घेऊन पिकवायला किती जमीन लागली असती? जगभरातल्या आंतरपिकांच्या प्रयोगांची सरासरी काढली तर उत्तर साधारण सव्वा एकराच्या आसपास येतं. प्रत्येक एकरामागे पाव एकर जमीन वाचली. यावरून लोक लगेच पुढचं वाक्य म्हणतात: कमी जमिनीत जास्त पिकलं, म्हणजे तेवढं जंगल वाचलं.

हे दुसरं वाक्य मला पटत नाही, आणि ते पटत नाही म्हणूनच हा लेख लिहायला घेतला.

एक तर, रबराच्या त्या सरळ ओळींकडे पुन्हा पाहा. पहिली तीन-चार वर्षं रबराची झाडं लहान असतात, ओळींमधे ऊन असतं. तिथे अननस लावतात. कृषी विभागाच्या भाषेत हेसुद्धा आंतरपीकच. त्यात चांगला पैसा होतो, रबराचा चीक सुरू व्हायला सातेक वर्षं लागतात, त्यातली पहिली तीन-चार वर्षं अननस घर चालवतो. पण त्याआधी तो उतार साफ केलेला असतो. तिथलं एकूण एक झाड गेलेलं असतं, मुळं उपटलेली असतात, आणि पहिल्या मोठ्या पावसात लाल माती खालच्या मळ्यात येऊन बसते. रबराच्या फांद्या एकमेकींना भिडल्या की अननसही संपतो आणि उरतं एकच पीक. इथे आंतरपिकाने एकही झाड वाचवलेलं नाही. उलट तोडीचा खर्च परवडेल अशी सोय करून दिली. दोन पिकं एकत्र लावली एवढ्यानेच जर कुणी शेतीला ‘शाश्वत’ म्हणणार असेल, तर त्याने दोडामार्गातला असा एक उतार जूनच्या शेवटी येऊन पाहावा.

दुसरं म्हणजे, ज्याला जास्त उत्पन्न मिळतं तो शेजारचा डोंगर विकत घेऊन तिथेही तेच करणार नाही, याची हमी कोण देणार? उत्पन्न वाढलं की हाव आपोआप कमी होते, असं मी तरी पाहिलेलं नाही.

तरीही आमच्या बागेच्या वरचा डोंगर अजून उभा आहे, आणि त्याला कारण बागच आहे, असं मी ठामपणे म्हणते. बाग डोंगराशिवाय जगू शकत नाही. पोफळीला उन्हाळ्यात चार-सहा दिवसांनी पाणी लागतंच. आमच्याकडे ते ओहळावर दगड, माती आणि टाहाळ घालून बांध बांधून पाटाने आणतात. पाऊस गेला की वाडीतली सगळी घरं मिळून बांध घालतात आणि मग पाळ्या ठरतात: आज वरच्या घराची, उद्या खालच्या घराची. माझे काका पहाटे उठून पाटाच्या कडेने फावडं घेऊन चालायचे, एकेका आळ्याचं तोंड उघडायचे, भरलं की बुजवायचे. तो ओहळ मे महिन्यापर्यंत वाहतो तो वरच्या रानामुळे. आंबोलीसारख्या ठिकाणी वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आमच्याकडेही तीन हजारांच्या वर, आणि तरी याच जिल्ह्यात एप्रिलमध्ये वाड्यांना पाणी पुरत नाही. जांभा दगड पाणी धरून ठेवत नाही. जाड पानगळीखालची माती आणि मुळं ते थोडंफार धरतात आणि हळूहळू सोडतात. पलीकडच्या वाडीच्या वरचा उतार साफ झाल्यावर त्यांचा बांध दरवर्षी लवकर कोरडा पडायला लागला. त्यांनी बोअर मारली. ज्याला बोअर परवडली नाही त्याच्या पोफळींची शेंडं पिवळी पडली.

पाण्याशिवाय दुसरी गोष्ट म्हणजे पातेरा. माघ-फाल्गुनात बायका डाली घेऊन रानात जातात आणि वाळका पाला भरून आणतात. तो बागेच्या आळ्यांत पसरतात. पावसाळ्यापर्यंत त्याची माती झालेली असते. आमच्या बागेने विकतचं खत फार थोडं पाहिलं आहे. वरचं रान हेच तिचं खत. आणि सातेरी मधमाश्या वरच्या झाडांच्या ढोलीत राहतात आणि माडाच्या मोहोरावर येतात.

वरचा डोंगर विकायची गोष्ट एकदा घरात निघाली होती. व्यापारी उक्ती, म्हणजे सगळ्याची मिळून एकदम रक्कम द्यायला तयार होता, तोड त्याची, वाहतूक त्याची. काका फार बोलणारे नव्हते. ते एवढंच म्हणाले, “डोंगर बोडको झालो तर पाटाक पाणी खंयसून येतला?” त्यापुढे विषय वाढला नाही. त्यांना निसर्गप्रेमी म्हटलेलं त्यांना चाललं नसतं. त्यांना त्यांच्या पोफळींची काळजी होती. मला वाटतं, जंगल टिकवायला इतकी व्यवहारी काळजी पुरेशी आहे, किंबहुना तीच सगळ्यात भरवशाची. काजूच्या किंवा रबराच्या मालकाला वरचं रान नसलं तरी चालतं. बागवाल्याला चालत नाही.

डोंगर तोडले जातात ते का, हेही नीट समजून घ्यायला हवं. आमच्याकडचं बरंचसं रान सरकारी नाही, मालकीचं आहे. सातबारावर चाळीस-पन्नास नावं, निम्मे मुंबईत, काहींचा पत्ता नाही. त्या डोंगरातून वर्षाला कुणालाच काही मिळत नाही. लग्न निघालं, आजारपण आलं, घराचं छप्पर बदलायचं झालं, की व्यापाऱ्याची उक्ती रक्कम समोर दिसते. लाकूड जळाऊ म्हणून, कोळशासाठी, ट्रक भरून जातं. १९९० पासून रोजगार हमीशी जोडलेली फळबाग योजना आली आणि वरकस, म्हणजे डोंगरउताराच्या हलक्या जमिनींवर आंबा-काजूची कलमं उभी राहिली. त्या योजनेने कोकणातल्या कितीतरी घरांना हात दिला, हे मी नाकारणार नाही. पण पडीक म्हणून जे मोजलं गेलं त्यात बरंच रानही होतं. २००० नंतर केरळातून आलेल्या बागायतदारांनी डोंगर विकत घेतले. विकणारे आमचेच होते, म्हणून बाहेरच्यांवर राग काढण्यात अर्थ नाही. २०११ मध्ये पश्चिम घाटाच्या पर्यावरणाबद्दल माधव गाडगीळ समितीचा अहवाल आला, २०१३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यातल्या वृक्षतोडीला मनाई केली, २०२० मध्ये तिलारीचं रान संवर्धन राखीव झालं. हे सगळं आवश्यक होतं. पण मनाई असतानाही रात्री करवत चालते, हे गावात सगळ्यांना माहीत असतं. ज्या डोंगरातून मालकाला वर्षातून एकदाही चार पैसे मिळत नाहीत, त्याला कोर्टाचा कागद किती दिवस राखणार?

बाग काही डोंगरावर चढवता येत नाही, तिथे पाटाचं पाणी पोचत नाही. मग उतारावर काय? माझं उत्तर असं की उभ्या झाडांतच पीक घ्यावं. काळी मिरी मूळची सह्याद्रीच्या रानातलीच वेल आहे. ऐन, फणस, जांभूळ यांच्या खोडांवर ती चढते, पावसाच्या पाण्यावर तग धरते, उत्पन्न बागेतल्यापेक्षा कमी पण शून्य नाही. कोकम तर रानचंच झाड. त्याला खत नको, पाणी नको, आणि आमसुलं, आगळ (खारवलेला रस), बियांचं मुठेल (तेल) असं सगळं विकलं जातं. वावडिंग, शिकेकाई, रानातला सुरण. यासाठी झाड तोडावं लागत नाही, उलट झाड नसेल तर मिरी चढणार कशावर?

आणि जिथे डोंगर आधीच बोडका आहे तिथे वाडीचा नमुना आहे. मणिभाई देसाईंच्या बाएफ संस्थेने १९८२ मध्ये गुजरातेतल्या वांसद्यात तो सुरू केला आणि नंतर आपल्या जव्हारकडच्या आदिवासी पाड्यांवरही तो आला. एकरभर वरकस जमीन. त्यात आंब्या-काजूची कलमं, कलमं मोठी होईतो मधे नागली, भाजीपाला, कडधान्य, आणि बांधावर चारी बाजूंनी बांबूसारखी जंगली झाडं. मला या मांडणीतली बांधावरची ओळ सगळ्यात मोलाची वाटते. सरपण आणि कुंपणाच्या काठ्या शेताच्या कडेलाच मिळाल्या की बाईला मोळीसाठी रानात जावं लागत नाही. रानावरचा ताण तिथेच कमी होतो आणि तिच्या मानेवरचाही.

मिश्र लागवडही झिजते, हे कर्नाटकातल्या कोडगूने दाखवून दिलं आहे. तिथल्या कॉफीच्या मळ्यांवर कितीतरी जातींच्या रानटी झाडांची सावली होती, त्यांवर मिरी होती, मधे संत्री होती. पण देशी झाड तोडायला आणि विकायला परवानग्यांचा फेरा, सिल्व्हर ओकला मात्र मोकळीक. म्हणून मळेवाल्यांनी हळूहळू देशी झाडं काढून सिल्व्हर ओक लावला. मिरी त्यावरही चढते. कॉफी, मिरी, सिल्व्हर ओक, तीन पिकं आहेतच की. पण पूर्वीची सावली गेली. आपल्याकडेही झाडतोडीचा १९६४ चा कायदा आहे आणि त्याच्या यादीतल्या जातीचं रोप बांधावर आपोआप उगवलं तर ‘पुढे लफडं नको’ म्हणून लहानपणीच उपटणारे लोक मी पाहिले आहेत. ज्याने लावलं आणि जपलं, त्याला त्याच्या झाडावर हक्क मिळाला नाही, तर तो देशी झाड लावणार नाही. कायदा करणाऱ्यांनी कोडगूचे मळे एकदा पाहून यावेत.

रानाशेजारी बाग ठेवणं सोपं नाही. शेकरू कोवळे नारळ पोखरतं, वानरं केळीचे घड खाऊन टाकतात, गवे कुंपण तुडवून आत येतात. आणि २००२ पासून दोडामार्गात कर्नाटकातून हत्ती यायला लागले. एका रात्रीत केळीची बाग आणि पोफळींची रांग आडवी होते. ज्याची वीस वर्षांची पोफळ पडली त्याला रान राखायला सांगायचं असेल, तर आधी त्याच्या नुकसानीचे पैसे वेळेवर आणि पुरते द्यायला हवेत. जायफळाचं पूर्ण वाढलेलं झाड पुढची कित्येक दशकं देणार असतं. त्याची भरपाई एका हंगामाच्या हिशेबाने करणं अन्याय आहे. आंबा, काजू, केळी यांना हवामानावर आधारित विमा आहे. मिरी, जायफळ, कोकम त्या यादीत नाहीत. एक पीक लावणाऱ्याच्या पाठीशी कागद उभा असतो, सात पिकं लावणारा एकटा असतो.

सगळ्यात कठीण प्रश्न हातांचा आहे. डोंगर साफ करायला एक जेसीबी आणि थोडे दिवस पुरतात. बागेला रोज फिरणारा माणूस लागतो. माडावर चढून नारळ पाडणारा पाडेली मिळत नाही, मिळाला तर त्याच्या सवडीने. मिरी काढायला शिडीवर चढायचं, सुपारी सोलायची, पाटातला गाळ काढायचा. गावातली मुलं सकाळी मोटरसायकल काढून गोव्यात कारखान्यांत आणि हॉटेलांत कामाला जातात. महिन्याचा पगार ठरलेला असतो. त्यांना मी दोष देत नाही. बागेचं उत्पन्न चांगलं आहे हे पटवून भागणार नाही, ते पगारासारखं हातात पडलं पाहिजे. सुकवणी, प्रतवारी, विक्री गावातच झाली, व्यापाऱ्याने ओल्या मालाचा भाव पाडण्याची वेळ आली नाही, तर ते जमू शकतं.

माझी वहिनी हे करून पाहते आहे. तिच्या बचत गटातल्या बायकांनी मिरीच्या फांद्यांचे तुकडे पिशव्यांत लावून रोपं केली. निम्मी विकली, उरलेली मृगात वरच्या डोंगरावर नेऊन ऐनाच्या आणि फणसाच्या बुंध्यांशी लावली, ज्या डोंगरासाठी एके काळी उक्ती रक्कम आली होती तिथेच. मुंबईच्या भाऊबंदांना तिने आधी फोन केले होते. सातबारावर नाव असलेल्या प्रत्येकाला मिरीतला वाटा द्यायचा, असं तिने कबूल केलं आहे. काहींनी हो म्हटलं, काहींनी अजून उत्तर दिलेलं नाही. पहिली मिरी तिसऱ्या वर्षी धरेल. तोवर वाटा किती, कुणाला आणि राखण कुणी करायची, हे तिने वहीत लिहून ठेवायला घेतलं आहे, आणि गणपतीला सगळे जमले की ती वही समोर ठेवणार आहे.